गेमिंगचा हेडसेट की गाण्यांचा हेडफोन, हा प्रश्न आला कुठून

सावंतवाडी, कुडाळपासून चिपळूणपर्यंत कॉलेजची पोरं हेडफोन घ्यायला निघाली की एक प्रश्न हमखास असतो, एकातच गेम आणि गाणी दोन्ही भागतील का? भागतील. पण हे दोन प्रकार वेगळे झालेच कसे ते आधी बघूया, कारण दोघांचं घराणंच वेगळं आहे.

हेडफोन मुळात गाण्यासाठी नव्हताच. टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर आणि जहाजांवरचे वायरलेसवाले तो डोक्याला लावायचे. 1910 च्या सुमारास अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविनने घरच्या किचनमध्ये बनवलेले हेडफोन तिथल्या नेव्हीने घेतले. काम एकच, समोरच्याचं बोलणं स्पष्ट कळलं पाहिजे. 1969 साली आर्मस्ट्राँगचा आवाज चंद्रावरून आला तोही प्लँट्रॉनिक्सच्या हेडसेटमधूनच. गेमिंग हेडसेट या बोलणाऱ्या घराण्यातला.

ऐकणारं घराणं नंतर आलं. 1937 मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी 48 हेडफोन आला, 1958 मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला आणि डाव्या-उजव्या कानाला वेगळं संगीत घरबसल्या ऐकता यायला लागलं. मग 1968 चा सेनहायझर एचडी 414, पाठीमागून उघडा, म्हणजे ओपन बॅक, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. 1979 ला वॉकमन निघाला आणि हेडफोन खिशातल्या टेपबरोबर रस्त्यावर आला. आपल्याकडे तो बऱ्याच घरांत पोचला तो गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर, नाहीतर आखातात नोकरीला असलेल्या कुणाच्यातरी बॅगेतून.

दोन्ही घराण्यांची गाठ पडली कॉम्प्युटर गेममध्ये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी थ्रीडी आवाजाची साउंड कार्ड आली, काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम आला, शत्रूची पावलं कुठून येतायत हे कानाने ओळखणं म्हणजे जिंकणं झालं, आणि 2002 ला एक्सबॉक्सची ऑनलाइन खेळायची सेवा एक्सबॉक्स लाइव्ह हेडसेटसकटच आली तेव्हा टीमशी बोलत खेळणं रुळलं. आता दिशा कळते कशी, तर उजवीकडचा आवाज उजव्या कानाला थोडा आधी आणि थोडा मोठा पोचतो, हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाएवढा असतो आणि मेंदू तोही पकडतो. म्हणजे दोन चांगले ड्रायव्हर, कानाजवळचे छोटे स्पीकर, पुरतात! बॉक्सवरचं 7.1, म्हणजे चहूबाजूंनी सात स्पीकर आणि एक सबवूफर असल्याचा दावा, बहुतेक वेळा त्याच दोन ड्रायव्हरवर केलेली सॉफ्टवेअरची प्रक्रिया असते. आणि 2014 चा हायपरएक्स क्लाउड हा गेमिंग हेडसेट, ज्याचं गेमर लोकांनी एवढं कौतुक केलं, तो मुळात ताकस्टार प्रो 80 या गाण्यांच्या मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत वापरतात तसल्या, हेडफोनवर माइक लावून केलेला! माझ्या मते या वादाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

मोबाईलने प्रश्न परत बदलला. 2016 ला जिओ, 2018 ला पबजी मोबाईल, 2020 मध्ये त्यावर बंदी, 2021 ला त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय, आणि मधल्या काळात सगळ्यांच्या कानात ब्लूटूथ इअरबड्स. ब्लूटूथला साधारण दीडदोनशे मिलिसेकंद उशीर लागतो. गाण्यात तो कळत नाही, व्हिडिओत फोन चित्रच मागे सरकवून घेतो, पण गेम थांबून राहू शकत नाही, गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. म्हणून उशीर कमी करणारा गेमिंग मोड, ब्लूटूथऐवजी लावायचा 2.4 गिगाहर्ट्झचा वायरलेस डोंगल, नाहीतर सरळ वायर.

बाहेरचे रिव्ह्यूवाले गाणी आणि पावलं दोन्हीसाठी ओपन बॅकच सुचवतात आणि शांत खोलीत ते खरंच आहे. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, त्यात ओपन बॅकमधून बारीक काही ऐकू येत नाही, आणि क्लोज्ड, म्हणजे पाठीमागून बंद, घेतला तर घामाने कान भिजतात, दमट हवेत नकली लेदरची कुशन सोलून निघते. त्यामुळे क्लोज्ड, वायरवाला आणि कापडी कुशन बसवता येईल असाच बघा, माइक नंतर वेगळा लावता येतो. दुकानात टेस्ट करायला डबलबारी भजनाचं एखादं रेकॉर्डिंग लावा. पखवाजाचा घुमारा बुवांच्या शब्दांवर चढत असेल तर स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून बास फुगवलेला आहे, आणि तोच बास गेममध्ये पावलांचा आवाजही गिळतो.