ऋण सोडणं वेगळं, उधारी देणं वेगळं

आमच्याकडे जालन्याच्या बाजूला चर्चच्या मंडळीतलं कुणी हर्सूल जेलमधून सुटून आलं की दोनच आवाज ऐकू येतात. एक: "प्रभूनं माफ केलं ना, मग घ्या त्याला कमिटीवर." दुसरा: "माफ केलं, पण माझ्या दारात नको." दोघांचा घोळ एकच. क्षमा आणि विश्वास ही दोघांच्या लेखी एकच वस्तू. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहितोय.

क्षमेवर मी वेळ घालवत नाही. 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा कर, हे येशूचं सांगणं संडे स्कूलपासून पाठ आहे. कृपा आणि दया यांतल्या फरकावर प्रवचनं पुष्कळ झालीत, तेही राहू द्या.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण पापाला 'ऋण' म्हणतो आणि ते सोड म्हणून मागतो, हे फार बरं झालं, कारण मराठवाड्यातल्या माणसाला कर्जमाफी समजावून सांगावी लागत नाही. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत 2 लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज सुटलं. पण नवं कर्ज काढायचं तर सातबारा, आठ-अ काखेत मारून बँकेची पायरी पुन्हा चढावीच लागली. म्हणून माफी खोटी होती असं कुणी म्हटलं का? क्षमा ही जुनी थकबाकी खोडणं आहे. ती देणाऱ्याच्या मनावर असते आणि एका दिवसात होते. विश्वास ही नवी उधारी. ती घेणाऱ्याच्या वागण्यावर चालते, हप्त्याहप्त्यानं.

बायबलातल्या योसेफाचंच बघा. ज्यांनी त्याला विकलं त्याच भावांना पाहून तो बाजूला जाऊन रडला, तरी नंतर धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून त्यानं त्यांची पारख केलीच. आधी छळ करणारा शौल विश्वासात आला, तरी यरुशलेमेत शिष्य त्याला भ्यायले, त्याबद्दल शास्त्र त्यांना रागवत नाही. त्यांच्यातला बर्णबा मात्र शौलाला घेऊन प्रेषितांकडे गेला. म्हणजे सोबत जाऊन जामीन राहिला. हे काम आपल्याकडे कुणालाच नको असतं. ठराव करणं सोपं पडतं.

जेलमधून सुटून आलेल्या माणसाला दर युवक सभेत उभं करून 'साक्ष दे', म्हणजे आपलं जुनं पाप सगळ्यांपुढं सांग, म्हणणं मला मुळीच पटत नाही. ती कृपा नव्हे, दुसऱ्याचं पाप चघळायची हौस आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला "क्षमा कर आणि नांदायला जा" म्हणणारे तर क्षमेच्या नावाखाली तिच्याकडून बळजबरीनं उधारी काढतात. आणि पारधी वस्तीतल्या पोराला 'माफ' करायला निघालेल्यांनी आधी हे वाचावं: 1871 च्या इंग्रजी कायद्यापासून सुरू झालेला आणि 1952 साली रद्द झालेला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का त्या पोराचा गुन्हा नाही. तिथं माफ करायला आहेच काय?

एका वर्षी आम्ही कृपा दाखवायची म्हणून, दारू सोडून जेमतेम तीन महिने झालेल्या एकाच्या हाती नाताळच्या वर्गणीची पेटी दिली. नाताळाच्या चार दिवस आधी पेटी गेली, माणूसही गेला. लगेच सगळे म्हणाले, "बघा, असल्यांना माफच करू नये." माफी कुठं चुकली होती? पेटी देणारे चुकले. त्या ठरावावर माझीही सही आहे.

पुढं तो परत आला. गल्लीतली एक आजी रोज सकाळी त्याला पन्नासाची नोट देऊन दुधाची पिशवी आणायला पाठवायची. तो आला की ओट्यावर सुट्टे मांडून, बोटानं एकेक नाणं सरकवत मोजून घ्यायची, त्याच्या देखत. मग चहा द्यायची, घरातल्याच कपात. पावसाळा संपता संपता तिनं मोजणं सोडलं. तो मात्र अजून ओट्यावर सुट्टे मांडून ठेवतो.