रक्तातली चरबी आणि गरोदरपणातलं बीपी

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी केली, तर रिपोर्टमध्ये बहुतेक आकड्यांपुढे ‘जास्त’ अशी खूण दिसते. बाई घाबरते. पण तिथे छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची असते. इस्ट्रोजेन आणि वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं, त्यामुळे ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) दुप्पट-तिप्पट होणं या काळात नेहमीचंच.

गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराची, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची, ओळख मात्र लघवीतून सुरू झाली. 1843 मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या जॉन लिव्हर यांना झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडलं. रक्तदाब सहज मोजता येईल असं रिवा-रोची यांचं यंत्र यायला 1896 उजाडलं. पुढे बरीच वर्षं या आजाराला ‘टॉक्सेमिया’ म्हणत, म्हणजे रक्तात काहीतरी विष आहे असं गृहीत धरून. ते विष काही सापडलं नाही.

चरबीवर संशय गेला तो सूक्ष्मदर्शकामुळे. 1945 मध्ये आर्थर हर्टिग यांनी अशा बायकांच्या गर्भाशयातल्या, वारेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचं वर्णन केलं: भिंत सडलेली आणि तिच्यात चरबी गिळून फुगलेल्या पेशी. 1950 मध्ये झीक आणि असाली यांनी त्याला ‘अ‍ॅक्यूट अथेरोसिस’ हे नाव दिलं. हृदयविकारात धमन्यांत वर्षानुवर्षं साचणाऱ्या थराशी हे चित्र जुळत होतं, फक्त इथे सगळं काही महिन्यांत घडलेलं.

1989 मध्ये जेम्स रॉबर्ट्‌स आणि सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्प्सिया हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा आजार आहे, अशी मांडणी केली आणि चरबीला त्यात जागा मिळाली. नव्वदच्या दशकातल्या मोजमापांत या बायकांचे ट्रायग्लिसराइड निरोगी गरोदर बायकांपेक्षाही वर निघाले, आणि एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण लहान आणि दाट. असे कण लवकर ऑक्सिडाइज होऊन, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडून, अस्तर दुखावतात.

मग सी आणि ई जीवनसत्त्वं देऊन ऑक्सिडेशन रोखायचं ठरलं. कल्पना सरळ होती, पण 2006 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत प्रीएक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. 2021 मध्ये प्रावास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषधही 1,120 बायकांत तसंच निष्फळ ठरलं. अर्थात ते सुरू केलं होतं 35 ते 37 आठवड्यांना, आणि वारेच्या धमन्यांची जडणघडण तर साधारण विसाव्या आठवड्यापर्यंतच उरकलेली असते.