शस्त्र अधिनियम, भारतीय

शस्त्रे व दारूगोळा जवळ बाळगणे, वापरणे, तयार करणे, विकणे आणि त्यांची आयात-निर्यात करणे यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा (१९५९ चा अधिनियम क्रमांक ५४). व्यवहारात ‘हत्यारांचा कायदा’ किंवा नुसते ‘आर्म्स ॲक्ट’ म्हणून परिचित. २३ डिसेंबर १९५९ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (केंद्राच्या अधिकारातील विषयांच्या यादीत) पाचव्या नोंदीत येतो. परवाने देण्याचे काम मात्र बव्हंशी जिल्हादंडाधिकारी आणि मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त करतात. शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे की शासनाने दिलेली सवलत, हा या कायद्याभोवतीचा मूळ वाद आहे.

पूर्वपीठिका : कंपनी सरकारने उठाव चालू असतानाच १८५७ चा २८ वा कायदा करून शस्त्रांची आयात, निर्मिती व विक्री नियंत्रणाखाली आणली. त्याची जागा १८६० च्या ३१ व्या कायद्याने घेतली. निःशस्त्रीकरणाचा खरा भर तेव्हा उठावाच्या प्रदेशांवर होता. तेथे घरोघरी झडती घेऊन हत्यारे गोळा करण्याचे अधिकार देण्यात आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत १८७८ चा ११ वा कायदा संमत झाला आणि परवान्याची अट सबंध ब्रिटिश हिंदुस्थानला सर्वसाधारण नियम म्हणून लागू झाली.

या कायद्याच्या हेतूविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार तो १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाची केवळ पूर्तता होता. दुसरे मत त्याचा संबंध त्याच वर्षीच्या देशी वृत्तपत्र कायद्याशी (देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणाऱ्या) जोडते आणि दोन्हींच्या मुळाशी लिटनचा सुशिक्षित भारतीयांविषयीचा अविश्वास पाहते. सरहद्दीकडे होणारा बंदुकांचा चोरटा व्यापार रोखण्याची गरजही काहींनी पुढे केली आहे. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाला मात्र कारण मानता येत नाही. ते फेब्रुवारी १८७९ मध्ये, म्हणजे कायदा झाल्यावर सुरू झाले. वरील मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते, कारण १८७८ च्या कायद्यातील नवी गोष्ट नियंत्रण ही नसून सूट ही होती. कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली जे नियम झाले, त्यांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना परवान्यातून मोकळे ठेवले. भारतीयांपैकी थोड्या सरदार-मानकऱ्यांना व पदवीधारकांना ती मोकळीक मिळाली. वृत्तपत्र कायदा पुढचा व्हाइसरॉय लॉर्ड रिपन याने १८८२ मध्ये रद्द केला, हत्यारांचा कायदा तसाच राहिला. वांशिक भेद नियमांतून निघाला तो १९१९-२० च्या सुमारास.

राजकीय मागणी : सूट गोऱ्यांना आणि बंदी आपल्याला, हा अपमान सुशिक्षितांना फार लागला. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असलेल्या काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनात (१८८७) या कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव झाला आणि पुढे तो विषय अधिवेशनांतून पुन्हा पुन्हा आला. अहिंसेच्या पुरस्कर्त्या गांधींनीही या कायद्याचा कठोर निषेध केला होता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांपैकी सर्वांत काळा ठरेल असे म्हटले; जानेवारी १९३० मधील अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. क्रांतिकारकांचा मार्ग वेगळा होता. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला.

मूलभूत हक्कांविषयीचा ठराव मार्च १९३१ मध्ये कराची अधिवेशनात झाला. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ऑगस्टमध्ये मुंबईत त्याला जे सुधारित रूप दिले, त्यात नियम व निर्बंधांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे.

संविधान सभेतील चर्चा : मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये हा हक्क स्वातंत्र्यविषयक अनुच्छेदात (मसुद्यातील १३, आताचा १९) घालण्याची दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकी सरकारने हत्यारे नाकारली म्हणून तेव्हा ती मागणी योग्य होती, परिस्थिती आता बदलली आहे; आग्रह धरायचा तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, राज्यावर संकट आल्यास शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारी वृत्तीचे लोकही तो सांगतील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानातील मूलभूत हक्कांच्या भागात शस्त्राचा उल्लेख उरला तो दोन ठिकाणी : सभा ‘विनाशस्त्र’ असावी ही अनुच्छेद १९ मधील अट आणि शिखांच्या कृपाणाला मान्यता देणारे अनुच्छेद २५ चे स्पष्टीकरण.

१९५९ चा अधिनियम : जुना कायदा राष्ट्र निःशस्त्र करण्यासाठी होता, नव्याने नागरिकाचे हक्क व सुव्यवस्था यांचा मेळ घालावा, अशी भूमिका विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत घेतली होती. तिचा ठसा कलम १३ वर दिसतो. आत्मसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी आतून गुळगुळीत असलेल्या किमान २० इंच लांब नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना अधिकाऱ्याने ‘दिला पाहिजे’ अशी त्याची भाषा आहे. इतर अग्निशस्त्रांसाठी अर्जदाराकडे सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही (कलम १४). सार्वजनिक शांतता व सुरक्षितता या कारणास्तव मात्र नाकारता येतो. तेरावे कलम चौदाव्याच्या अधीन असल्याने ‘दिला पाहिजे’ या शब्दांचे बळ प्रत्यक्षात फार उरले नाही.

धारदार हत्यारांना सर्वत्र परवाना लागत नाही; केंद्र सरकारने कलम ४ खाली अधिसूचित केलेल्या क्षेत्रांतच लागतो. नियमांनी यासाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते ही मर्यादा घातली. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू व्याख्येबाहेर आहेत. महाराष्ट्रात कोयत्याच्या गुन्ह्यांत हाच मुद्दा बचाव पक्षाकडून येतो. १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली आहे.

खटल्यासाठी पूर्वसंमती : १८७८ च्या जुन्या कायद्याचे कलम २९ हा त्यातला सर्वांत चमत्कारिक भाग म्हणावा लागेल. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल खटला भरण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याची संमती घ्यावी लागे, परंतु १८६० च्या कायद्याखाली निःशस्त्र केलेल्या प्रदेशांत, म्हणजे स्थूलमानाने गंगा-यमुनेच्या उत्तरेकडील भागात, ती लागत नसे. १८५७ मध्ये तिथल्या तालुकदारांनी (बड्या जमीनदारांनी) तीव्र प्रतिकार केला, हे त्यामागचे कारण. इंग्रज गेले, संविधान आले, तरी नदीच्या कोणत्या तीरावर बंदूक सापडली यावरून आरोपीला मिळणारे संरक्षण ठरत राहिले. जियालाल विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शंभर वर्षांपूर्वीच्या परिस्थितीवर बेतलेला हा भेद समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून ते कलम अवैध केले. नव्या अधिनियमाच्या कलम ३९ खाली, कलम ३ च्या (विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याच्या) गुन्ह्यांसाठी, जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वसंमती देशभर सारखीच लागते. संमती यांत्रिकपणे दिली, शस्त्र न पाहताच दिली, असे आक्षेप खटल्यांत वारंवार येतात.

न्यायालयीन निर्णय : अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कैलाशनाथ प्रकरणात (१९८५) परवाना ही केवळ सवलत असल्याचे म्हटले. त्याच न्यायालयाच्या न्या. मार्कंडेय काटजू यांनी गणेशचंद्र भट्ट प्रकरणात (१९९३) बंदी नसलेले अग्निशस्त्र बाळगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला. तो निर्णय पुढे राणा प्रताप सिंग प्रकरणात पूर्णपीठाने मोडीत काढला. उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेप्रमाणे शस्त्राचा मूलभूत हक्क भारतात नाही, असे नमूद केले. न्यायालयांचा कल एकंदर सवलतीच्या बाजूने स्थिर झाला आहे. कैद्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचा निर्णय पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग (२०१२) हा होय. १९८८ च्या दुरुस्तीने आणलेले कलम २७(३) बंदी असलेल्या शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास मृत्युदंडच सक्तीचा करत होते. परिस्थिती तोलण्याचा न्यायाधीशाचा अधिकार हिरावला जातो म्हणून ते घटनाबाह्य ठरले.

‘ताबा’ या शब्दाचा अर्थ गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या निर्णयाने घडवला : शस्त्र अंगावर असणे आवश्यक नाही, परंतु त्याची जाणीव व त्यावरील नियंत्रण हवे. संजय दत्त खटल्यात घटनापीठाने (१९९४) टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या संदर्भातही ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो असे सांगितले. दत्त यांना अखेर शस्त्र अधिनियमाखाली शिक्षा झाली व सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती ५ वर्षांवर आणली. विमानतळावर प्रवाशाच्या सामानात एखादे विसरलेले काडतूस सापडल्याचे गुन्हे उच्च न्यायालये याच तत्त्वावर रद्द करतात.

कोडगूची सूट : कर्नाटकातील कोडगू (कूर्ग) भागातील कोडव समाज व ‘जम्मा’ (वंशपरंपरागत हक्काच्या) जमिनीचे धारक यांना परवान्यातून सूट आहे. तिचा उगम सामान्यतः ब्रिटिश आयुक्त मार्क कबन याच्या १८६१ च्या सुमाराच्या आदेशात सांगतात. १८५७ मधील राजनिष्ठेचे बक्षीस की स्थानिक शस्त्रपरंपरेची मान्यता, यावर मतभेद आहेत. दोन्ही कारणे एकत्र असणे संभवते. २०१९ च्या अधिसूचनेने सूट ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

अलीकडील दुरुस्ती : १९८३ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३ अग्निशस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या विधेयकात ही संख्या १ करण्याचा प्रस्ताव होता. खासदारांच्या विरोधानंतर ती २ झाली. परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या गेल्या.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून सरसकट बंदुका जमा करून घेण्याची प्रथा होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती अमान्य करून प्रत्येक परवानाधारकाची स्वतंत्र छाननी आवश्यक मानली. त्यानुसार जिल्हा पातळीवरील छाननी समिती जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी दंगलीत सामील असलेले परवानाधारक निवडते व त्यांनाच शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस जाते.