मराठी चित्रपटासाठी कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन: सेन्सॉरच्या अर्जात काय लागतं, प्रेक्षकाने दाद कुठे मागायची

चित्रपट पूर्ण झाला, तारीख जाहीर झाली आणि मग कुणाला तरी कॅप्शनची आठवण झाली, असं आपल्याकडे बऱ्याचदा होतं. आता ते परवडणारं नाही. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने 15 मार्च 2024 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम सेन्सॉरच्या अर्जालाच जोडलं आहे. चित्रपटगृहात व्यावसायिकरीत्या दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक कथापटात कर्णबधिरांसाठी एक आणि दृष्टिहीनांसाठी एक, अशा किमान दोन सोयी हव्यात. म्हणजे एकीकडे कॅप्शन (संवाद आणि आवाज मजकुरात लिहून दाखवणं), दुसरीकडे ऑडिओ डिस्क्रिप्शन (पडद्यावर जे दिसतं त्याचं बोलून केलेलं वर्णन).

मुदती दोन होत्या. एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिने मिळाले, ते सप्टेंबर 2024 मध्ये संपले. बाकीच्यांना दोन वर्षं, म्हणजे 15 मार्च 2026 पर्यंत. बहुतेक मराठी चित्रपट एकाच भाषेत प्रमाणित होतात, त्यामुळे ते या दुसऱ्या गटात येतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी किंवा गोव्यातल्या इफ्फीच्या (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) पुरस्कार विभागासाठी पाठवायच्या चित्रपटांना मात्र 1 जानेवारी 2025 पासूनच दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. कमी खर्चात चित्रपट करून महोत्सवांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या तरुण दिग्दर्शकांनी ही तारीख विशेष लक्षात ठेवावी.

यामागचा कायदा त्याहून जुना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि क्लोज्ड कॅप्शनिंग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी वर्षानुवर्षं फारसं काही हललं नाही. जानेवारी 2023 मध्ये दिव्यांग याचिकाकर्ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन, सबटायटल व ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करण्याचा आदेश त्यांनी मिळवला. त्यानंतर चक्रं फिरली. आज निर्मात्याला जे नियम जाचक वाटतात ते प्रेक्षकांनी लढून मिळवले आहेत, याची जाण ठेवलेली बरी.

अर्ज कोण करतो, काय जोडायचं

अर्ज निर्माता किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती करते. तो ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. नेहमीची कागदपत्रं निर्मात्यांना पाठ असतात: कथासार, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, संवाद आणि गाण्यांचा पूर्ण मजकूर, शीर्षक नोंदणीचं पत्र, प्राणी वापरले असतील तर प्राणी कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र. नव्याने भर पडली आहे ती एवढीच, की चित्रपटाचे दोन संच द्यायचे: एक मूळ आणि एक या सोयींसह.

तो दुसरा संच ऐनवेळी होत नाही. कॅप्शनसाठी अंतिम संकलन झालेलं असावं लागतं आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनसाठी ध्वनिमिश्रण हातात हवं. एडिट लॉक झाला, म्हणजे संकलनात आता बदल नाही असं ठरलं, की त्याच दिवशी दोन्ही कामं सुरू करावीत, असं माझं ठाम मत आहे. सेन्सॉरने काही कट सुचवले तर कॅप्शनच्या वेळा आणि वर्णनाचा ट्रॅकही पुन्हा जुळवावा लागतो, त्याचे दिवस वेगळे धरा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मल्टिप्लेक्ससाठी मराठी चित्रपटावर इंग्रजी सबटायटल असतात, मग वेगळं काय करायचं, असं विचारलं जातं. ती ओळ ऐकू येणाऱ्या अमराठी माणसासाठी लिहिलेली असते. कर्णबधिर मराठी प्रेक्षकाला मराठीतच वाचायचं असतं आणि संवादाबरोबर आवाजही हवे असतात. पडद्यावर बाई एकदम दचकून वळते. का? कॅप्शनमध्ये [दारावर जोरात थाप] असं असेल तरच ते कळतं. [दूरवर एसटीचा हॉर्न], [माजघरातून हुंदका], पडद्याबाहेरून कुणी बोलत असेल तर त्याचं नाव, हे सगळं लिहावं लागतं. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, आणि मालवणी किंवा अहिराणी संवाद असेल तर तो तसाच उतरवा, प्रमाण मराठीत धुऊन काढू नका.

ऑडिओ डिस्क्रिप्शन त्याहून अवघड आणि माझ्या मते जास्त देखणं काम आहे. दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वर्तमानकाळात, जे दिसतं तेवढंच सांगायचं. समजा, प्रसंग असा आहे की आजीला मुलाचं पत्र आलंय आणि पुढचे सहा सेकंद कुणीच बोलत नाही. ‘आजी दुःखी होते’ हे वर्णन नव्हे, तो निष्कर्ष झाला. ‘आजी पत्राची घडी घालते. पुन्हा उघडते. न वाचताच देव्हाऱ्यात ठेवते.’ हे वर्णन. आजीचं दुःख ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. संहिता लिहून झाली की ती एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला ऐकवा आणि त्यासाठी मानधन द्या. डोळसांनी डोळसांच्या अंदाजाने लिहिलेलं वर्णन हमखास कुठेतरी पोकळ राहतं.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी आहे. थिएटरला जाणाऱ्या डीसीपीमध्ये (चित्रपटाच्या डिजिटल प्रतीत) पहिले सहा चॅनेल 5.1 ध्वनीचे असतात. सातवा कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या आवाजाचा, आठवा वर्णनाचा. ही जागा आधीपासूनच राखलेली आहे, आपण ती रिकामी पाठवत आलो.

प्रेक्षकासाठी

थिएटरने ही सोय हेडफोन, खास चष्मे, सीटजवळचं उपकरण, मोबाइल अॅप किंवा ठरावीक खेळ अशा कोणत्याही मार्गाने द्यायची आहे. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून विचारा, आणि शक्यतो लेखी उत्तर घ्या.

सोय नसेल तर आधी थिएटरच्या परवानाधारकाकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जा. महाराष्ट्रात ते साधारणपणे जिल्हा दंडाधिकारी असतात, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. तिथेही काम झालं नाही तर दिव्यांग आयुक्तांचा मार्ग उरतो: राज्यासाठी पुण्यातलं आयुक्तालय, केंद्राच्या अखत्यारीतल्या बाबींसाठी दिल्लीतले मुख्य आयुक्त. मुख्य आयुक्तांकडची तक्रार टपालाने किंवा ईमेलनेही करता येते. त्यात तुमचं नाव-पत्ता, समोरच्याचं नाव-पत्ता, काय घडलं, कधी आणि कुठे, पुरावे, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहायचं. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15.

जोडण्यासारखी कागदपत्रं म्हणजे तिकिटाची प्रत, थिएटरशी झालेला पत्रव्यवहार, असेल तर यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत. दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी आहे म्हणून कुणी मागे राहू नका. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. कलम 42 चा हक्क सगळ्याच दिव्यांग व्यक्तींना आहे.

कायद्याच्या कलम 89 नुसार पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या प्रत्येकाला 50,000 ते 5 लाख रुपये. तक्रारीत हे कलम नमूद करा, आणि मागणी मोघम ठेवू नका. ‘सोयी सुधाराव्यात’ असं लिहिलेल्या अर्जाला ‘प्रयत्न सुरू आहेत’ असंच उत्तर येतं. ‘या चित्रपटाचे मराठी कॅप्शनसह खेळ अमुक तारखेपासून लावावेत आणि वेळापत्रकात तशी खूण असावी’ असं लिहिलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.