960 एकरची मर्यादा वेगळी, वर्षाचं पाणी वेगळं

कॅलिफोर्नियातल्या दुष्काळाची बातमी आली की कोणीतरी हमखास लिहितं, तिथे केंद्र सरकार शेतकऱ्याला 960 एकरांचं पाणी देतं. असं काही नाहीये. दोन वेगळे नियम एकात कालवले जातात आणि तेच परत परत फॉरवर्ड होतं.

आपल्याला सीलिंग माहितीय, 1961 चा कायदा, बारमाही बागायत असेल तर 18 एकर, वरची जमीन सरकारजमा. अमेरिकेत जमीन कोणी काढून घेत नाही, फक्त धरणाच्या स्वस्त पाण्याला हद्द आहे. 1902 च्या कायद्यात माणशी 160 एकर होती, 1982 मध्ये ती 960 झाली, नवरा-बायको आणि अवलंबून मुलं सगळी मिळून. मालकीची जमीन त्याच्या वर गेली तर तिला सहसा प्रकल्पाचं पाणी नाही, आणि खंडाने घेऊन वर गेलात तर त्या वरच्या एकरांना व्याजासकट पूर्ण खर्चाचा दर. मोठ्या कंपन्यांचे नियम वेगळे, ते इथे राहू दे.

आता खरी गडबड. ही मर्यादा माणसाला लागते, पाण्याला नाही. 960 एकर बसले म्हणजे तेवढ्या एकरांचं पाणी ठरलं असं अजिबात नाही, ते दरवर्षी धरणसाठा, बर्फ आणि मुख्य म्हणजे कॉन्ट्रॅक्टनुसार पाण्याच्या रांगेत नंबर कितवा ते बघून ठरतं. सेंट्रल व्हॅली प्रोजेक्ट, म्हणजे कॅलिफोर्नियातला केंद्र सरकारचा धरण-कालव्यांचा प्रकल्प, त्याचंच बघा. वेस्टलँड्स या वॉटर डिस्ट्रिक्टचं (शेतकऱ्यांना पाणी पुरवणारी संस्था) कॉन्ट्रॅक्ट सुमारे 11.5 लाख एकर-फुटांचं (एकरभर जागेवर फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट), म्हणजे साधारण 50 टीएमसी, जवळपास अर्धं कोयना. पण रांगेत नंबर मागचा, म्हणून 2014, 2015, 2021, 2022 या चारही वर्षी अलोकेशन (कॉन्ट्रॅक्टपैकी त्या वर्षी मिळणारा वाटा) 0 टक्के, आणि 2023 ला भरपूर बर्फ पडला तर थेट 100. शेजारच्या एक्स्चेंज कॉन्ट्रॅक्टर्सचा (नदीच्या पाण्याच्या बदल्यात प्रकल्पाचं पाणी घेणारे) नदीवरचा हक्क जुना, त्यांना करारानुसार वाईट वर्षातही सुमारे 75 टक्के मिळायला हवेत. तिथे कोणाचे किती एकर आहेत हा प्रश्नच येत नाही.

आणि एकच उदाहरण लक्षात ठेवायचं तर हे ठेवा: 2016 च्या कायद्याने प्रकल्पाचं बांधकाम-कर्ज एकरकमी फेडलं की एकरांची मर्यादाच उठते अशी सोय झाली. वेस्टलँड्सने 2020 मध्ये तसं कॉन्ट्रॅक्ट केलं. लगेच पुढची दोन वर्षं पाणी शून्य! मर्यादा उठल्याने पाण्याच्या रांगेत एक पायरीसुद्धा वर जाता येत नाही.

अजून एक गोष्ट मला फार खटकते. 5 टक्के अलोकेशन म्हणजे धरणात 5 टक्के साठा नव्हे, ते कॉन्ट्रॅक्टच्या आकड्याचे टक्के असतात, त्यामुळे बातमीत टक्क्यांसोबत कॉन्ट्रॅक्ट किती एकर-फुटांचं ते द्यायलाच हवं, नाहीतर तो आकडा वाचून काहीही कळत नाही.

शून्य टक्क्यातही बदाम उभे दिसतात ते विहिरींवर आणि विकत घेतलेल्या पाण्यावर, बरीच जमीन पडीकही राहते. विहिरीच्या पाण्याला केंद्राचे 960 एकरही लागू नाहीत आणि अलोकेशनचे टक्केही नाहीत, त्याला कॅलिफोर्निया राज्याचा 2014 चा भूजल कायदा आहे, आणि तो तिसराच नियम, यात मिसळू नका.