वरच्या मजल्याचे उष्टे : ‘द प्लॅटफॉर्म’ची पार्श्वभूमी, मराठवाड्यातून पाहताना

गाल्देर गाझतेलु-उरुतिया या स्पेनमधल्या बास्क दिग्दर्शकाचा ‘द प्लॅटफॉर्म’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. सप्टेंबर २०१९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला मध्यरात्रीच्या विभागातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला आणि २० मार्च २०२० रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. त्यानंतर चारच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली. ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडले आणि त्यांच्याजवळच्या चपात्या खडीवर विखुरल्याची छायाचित्रे देशभर छापली गेली. अन्न वरून खाली येता येता कोणापाशी संपते, एवढाच प्रश्न विचारणारा चित्रपट त्या उन्हाळ्यात दूरदेशीची कल्पनाकथा म्हणून पाहणे मराठवाड्यातल्या माणसाला अवघड होते.

चित्रपटातली रचना साधी आहे. एक उभा तुरुंग, प्रत्येक मजल्यावर दोन माणसे, आणि मधल्या चौकोनी भोकातून रोज एकदा खाली उतरणारा, पक्वान्नांनी भरलेला एक फलाट. तो प्रत्येक मजल्यावर काही मिनिटे थांबतो. वरचे पोटभर खातात, नासधूस करतात, आणि उरलेले खालच्यांच्या वाट्याला येते. पुष्कळ खाली तर रिकामी ताटे आणि हाडेच पोचतात. एखाद्याने पुढच्या वेळेसाठी एखादे फळ लपवून ठेवले, तर त्याची कोठडी जीवघेणी तापू किंवा गोठू लागते. म्हणजे साठवणुकीला तिथे शिक्षा आहे, हावरटपणाला मात्र नाही. महिना सरला की माणसे झोपेतच दुसऱ्या मजल्यावर टाकली जातात. नायक गोरेंग ४८व्या मजल्यावर जागा होतो, मग १७१व्या, आणि त्यानंतर ३३व्या. नरमांसभक्षणाचे प्रसंग गरजेपेक्षा जास्त ताणले आहेत असे माझे मत आहे, परंतु रचनेतला हिशेब कुठेही ढिला पडत नाही.

या कथेमागचा स्पेन २००८ नंतरचा आहे. बांधकामाचा फुगा फुटल्यावर तिथली बेकारी वाढत जाऊन २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर पोचली होती, आणि मे २०११ मध्ये माद्रिदच्या चौकात तरुण ठाण मांडून बसले होते. वर-खाली अशी विभागणी करून विषमता दाखवण्याची रीत मात्र त्याहून बरीच जुनी. एच. जी. वेल्स यांनी १८९५ मध्येच जमिनीवरचे आळशी आणि जमिनीखालचे राबणारे अशा दोन जाती कल्पिल्या होत्या. फ्रिट्झ लांग यांच्या १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये यंत्रे चालवणारे कामगार शहराच्या पोटात राहतात. १९८२च्या एका फ्रेंच चित्रकादंबरीने ही उतरंड आडवी करून आगगाडीच्या डब्यांत बसवली आणि बाँग जून-हो यांनी २०१३ मध्ये त्यावर ‘स्नोपिअर्सर’ काढला.

मराठी वाचकाला हा मनोरा परका वाटण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला मजल्यामजल्यांचा मनोरा म्हटले होते. प्रत्येक जात हा त्याचा एक मजला, पण मनोऱ्याला शिडी नाही, त्यामुळे जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तिथेच मरायचे. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले, ते या भागातल्या अनेकांसाठी पहिल्यांदा लागलेली शिडीच ठरले. स्पॅनिश पटकथेतला मजला महिन्याच्या महिन्याला बदलतो. बाबासाहेबांच्या मनोऱ्यातला बदलत नाही, आणि म्हणून ते रूपक शंभर वर्षे आधीचे असूनही अधिक कठोर आहे.

चित्रपटातला सर्वांत जड प्रसंग ३३व्या मजल्यावरचा. तिथे आलेली इमोगिरी ही पूर्वी त्या तुरुंगाच्या प्रशासनात काम केलेली बाई रोज खालच्यांना विनवते की आपल्यापुरतेच खा आणि पुढच्यांसाठी ताटे लावून द्या. कोणी ऐकत नाही. अखेर गोरेंग अन्नात विष्ठा कालवण्याची धमकी देतो, तेव्हा ते निमूट ऐकतात. मग वरच्यांनाही असेच सांग, असे ती म्हणते, तेव्हा तो आपली अडचण मांडतो की वरच्यांवर घाण टाकता येत नाही. खालच्याला धाक घालता येतो, वरच्याला कशाने घालायचा?

गोदावरीच्या खोऱ्यात हा प्रश्न शब्दशः उभा आहे. दारणा आणि भंडारदरा ही वरच्या अंगाची धरणे इंग्रजी अमलात, अनुक्रमे १९१६ आणि १९२६ मध्ये झाली, त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. म्हणजे फलाट आमच्यापर्यंत येण्याच्या कितीतरी आधी वरची पंगत बसलेली होती. त्यानंतरही वर धरणे होत राहिली आणि तुटीच्या वर्षांत नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरेनासा झाला. विनवण्या, मोर्चे, निवेदने झाली, पण फरक पडला तो कायद्याने. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या तुटीचा बोजा सर्वांनी सारखा उचलावा हे तत्त्व आले, २०१३च्या मेंढेगिरी समितीने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र दिले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटप उचलून धरले. वरच्यांना लागू पडणारा धाक खालच्यांच्या हाती आला तो असा, आणि २०२३च्या तुटीत नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला तो याच सूत्रामुळे.

एवढ्यावर थांबलो तर मराठवाडा म्हणजे केवळ तळमजला, असा सोयीचा समज होईल. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यामुळे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेला लातूर जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचाही जिल्हा आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आणि त्यावरही ‘हेड’चे, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेले, शेतकरी आहेत व ‘टेल’चे, म्हणजे शेवटाला असलेले, आहेत. चित्रपटाच्या उत्तरार्धात गोरेंग आणि त्याचा नवा कोठडीसोबती बाहारात हातात सळया घेऊन फलाटावर बसून खाली निघतात आणि पहिल्या पन्नास मजल्यांना त्या दिवशी काहीच द्यायचे नाही असे ठरवतात, कारण ते रोज जेवतात. पाटबंधाऱ्याच्या व्यवहारात याच अर्थाचे धोरण ‘टेल टू हेड’ म्हणून ओळखले जाते : आधी शेवटच्या चारीला (पोटकालव्याला) पाणी, मग मागे मागे येत वरच्यांना. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की हेडच्या भागात रात्रीतून कालव्यात मोटारी आणि डोंगळे (चोरून पाणी ओढणारे पाइप) पडतात, टेलची चारी कोरडीच राहते, आणि ते काढायला गेलेल्या पाटकऱ्याला (कालव्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याला) ज्यांच्याशी हुज्जत घालावी लागते ती माणसे नाशिकची नसतात, नगरचीही नसतात.