नास कुरकुरतोय? आधी कॉपी, मग दुरुस्ती

घरचा स्टोरेज सर्व्हर, म्हणजे नास, सहसा एकाएकी बंद पडत नाही. फोल्डर उघडायला मिनिटभर लागायला लागतं, रात्री तो आपोआप रीस्टार्ट होतो, नाहीतर 'व्हॉल्यूम डिग्रेडेड' (एखादी डिस्क साथ देत नाही) असा मेल येऊन पडतो. या टप्प्यावर डेटा बहुधा शाबूत असतो. आमच्याकडे डेटा काढून घ्यायला येणाऱ्या अवघड केसेस बऱ्याचदा त्यानंतरच्या घाईत झालेल्या असतात.

रिपेअरचं बटण थोडं थांबू द्या

चार डिस्कच्या रेड ५ मध्ये, म्हणजे एका डिस्कचं नुकसान सोसेल अशा मांडणीत, एक डिस्क गेली तरी फाइली उघडतात. दुसरी गेली की संपलं. नवी डिस्क घालून रिपेअर सुरू केलं, की उरलेल्या तिन्ही डिस्क साधारणपणे पहिल्या सेक्टरपासून (डेटाचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. मोठ्या डिस्कवर हे काम दिवसभर, कधी त्याहून जास्त चालतं. त्या तिघी बहुतेक वेळा एकत्रच घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. कित्येक महिने कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हाच पुढे येतो. कॉपी करतानाही डिस्कवर ताण येतो हे खरं, पण जेवढा डेटा आहे तेवढाच वाचावा लागतो आणि आधी काय वाचायचं ते तुम्ही ठरवता. फाइली उघडत असतील, तर आधी त्या बाहेर काढा.

बिघडलंय काय?

नासच्या सेटिंगमध्ये स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडा. त्यात ५ (रिअ‍ॅलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर), १९७ (पेंडिंग सेक्टर) आणि १९८ (अनकरेक्टेबल, म्हणजे दुरुस्त न होणारे) या ओळींचा शेवटचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर डिस्क निकामी होत चालली आहे. आम्ही १९७ कडे सर्वांत आधी पाहतो: तो वाचता न आलेल्या सेक्टरचा आकडा आहे. फक्त १९९ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, डिस्क बदलून उपयोग होत नाही.

शेवटचा पाहिलेला रिपोर्ट स्वच्छ आणि तरी सर्व्हर सुरू होत नसेल, तर आधी पॉवर अ‍ॅडॉप्टर तपासा. सगळ्या डिस्क एकदम फिरू लागतात तेव्हा वीज जास्त लागते आणि थकलेला अ‍ॅडॉप्टर तिथेच मान टाकतो. मदरबोर्डही जाऊ शकतो. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसरमधला घड्याळ-सिग्नलचा दोष २०१७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो प्रोसेसर असलेले अनेक नास डिस्क ठणठणीत असूनही उठेनासे झाले होते. अशा वेळी डिस्कवर बे (डिस्कचा खण) क्रमांकाची चिठ्ठी लावून मगच त्या काढा. त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या मॉडेलमध्ये त्याच क्रमाने घातल्या की बहुतेकदा चालतात. नव्या बॉक्सने 'इनिशियलाइज करू का?' (डिस्क पुसून नव्याने तयार करू का) विचारलं, तर तिथेच थांबा. बऱ्याच घरगुती नासमध्ये आतून लिनक्सच असतं, त्यामुळे लिनक्स कंप्युटरला डिस्क जोडून रीड-ओन्ली (काही न लिहिता, नुसतं वाचायच्या) पद्धतीने डेटा वाचण्याची वाट उरते.

डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक येत असेल, तर मात्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आणि फ्रीझरचा प्रयोग तर नकोच, आत दव धरतं.

कॉपी करताना

आधी सर्व्हरवरची इतर कामं बंद करा: डाउनलोड, कॅमेरा रेकॉर्डिंग, फोटोंचं इंडेक्सिंग. विशेषतः आपोआप चालणारा सिंक थांबवा. आजारी सर्व्हरने एखादा फोल्डर रिकामा दाखवला, तर सिंक इमानेइतबारे दुसरीकडची चांगली प्रतही पुसून टाकतो.

एन्क्रिप्शन की आणि सेटिंगची फाइल सर्वांत आधी काढा, ती हमखास विसरते. मग कागदपत्रं, मग घरचे फोटो-व्हिडिओ. सिनेमे शेवटी, राहिले तरी चालतील. कट-पेस्ट नको, कॉपीच करा.

वाय-फायच्या नादी लागू नका. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला दहा-अकरा तास. छोट्या फाइली लाखांनी असतील तर जास्त. वेग ११ एमबीवर अडकला असेल, तर केबल बदलून पाहा. आतल्या चार जोड्यांपैकी एक तुटली, की लिंक गुपचूप १०० मेगाबिटवर येते आणि त्याच कामाला चार दिवस लागतात.

माउसने ओढून टाकलेली कॉपी एखाद्या खराब फाइलवर अडकून बसते. आरसिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम ती फाइल नोंदवून पुढे जातो, आणि मध्येच वीज गेली तर झालेल्या फाइली सोडून उरलेल्या घेतो. त्यात डिलीटचा पर्याय वापरू नका. डिस्कवर खराब सेक्टर बरेच असतील, तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) नव्या डिस्कवर उतरवावी आणि पुढचं काम त्या प्रतिमेवर करावं.

मराठी नावांच्या फाइलींकडे वेगळं लक्ष द्या. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे ८५ चिन्हं. ईक्रिप्टएफएस या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये जेमतेम १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. समारंभाचं पूर्ण नाव, तारीख आणि 'मूळ प्रत' असं सगळं नावात घातलेली फाइल तिथे जाणारच नाही. एरर लॉग वाचल्याशिवाय 'झालं' म्हणू नका.

पडताळणी

फाइलींची संख्या आणि आकार जुळले, एवढ्याने भागत नाही. आकार बरोबर आणि फोटोचा खालचा अर्धा भाग नुसता करडा, असं आम्ही पाहतो. बॉक्स बिघडलेला पण डिस्क चांगल्या असतील, तर दोन्हीकडचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) पूर्ण जुळवा. डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर सगळं पुन्हा वाचायला लावणं आम्हाला पटत नाही. नव्या प्रतीतल्या वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली उघडा, व्हिडिओ मधूनच चालवून पाहा. नव्या प्रतीची आणखी एक प्रत होईपर्यंत जुन्या डिस्क फॉरमॅट करू नका.

आमच्याकडे आणताना

सर्व्हर अ‍ॅडॉप्टरसकट आणा. आलेला इशाऱ्याचा मेल किंवा स्क्रीनचा फोटो, डिस्कचा क्रम आणि एन्क्रिप्शन की सोबत ठेवा. की नसेल तर डिस्क वाचली तरी डेटा वाचता येणार नाही. डिस्क सुट्या आणत असाल, तर प्रत्येक वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, मध्ये फोम घालून आणा. आम्ही मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही, आणि तुम्ही यादीत वर लिहिलेले फोल्डर आधी काढतो. म्हणून ती यादी घरूनच करून आणलीत तर बरं.